फळं बंद केली, तरी चिलटं आहेतच!

वाचकाचं पत्र:

‘सप्रेम नमस्कार. विषय क्षुल्लक आहे, पण हसू नका. गेला दीड महिना आमच्या स्वयंपाकघरात चिलटांनी उच्छाद मांडलाय. स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाला बोट ठेवायला जागा देत नाही. ओटा दिवसातून तीनदा पुसते, रात्री सिंकमध्ये साधा चमचा राहू देत नाही. सासूबाई म्हणाल्या, केळ्यांमुळे होतात. केळी बंद केली. मग सगळीच फळं बंद केली. तीन आठवडे झाले, घरात फळ नाही आणि चिलटं आहेत तेवढीच. आता सासूबाईंचं म्हणणं असं की ती हवेतून आपोआप तयार होतात. कीटकनाशकाचा फवारा मारला की दोन दिवस शांतता, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. वाटीत व्हिनेगर ठेवलं, तर काठावर बसून पाहुणचार घेतात आणि निघून जातात. सकाळ-संध्याकाळ नुसता थवा असतो, दुपारी कुठे गडप होतात कोण जाणे. मुलगा टाळी वाजवून मारायला धावतो, पण एक हाताला लागेल तर शपथ. कुणी घरी आलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझं काय चुकतंय?
— स्वच्छ घरातली वैतागलेली’

स्वच्छ घरातल्या ताई,

हसत नाही. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नवऱ्याच्या घोरण्याखालोखाल चिलटांचाच नंबर लागतो. आणि मी स्वतः या प्रकरणात एकदा तोंडावर आपटलेली आहे, ते पुढे सांगतेच.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: फवारा मारला की दोन दिवस शांतता, मग पुन्हा. दुखणं काय आहे ते त्या दोन दिवसांत दडलंय. फवाऱ्याने उडणारी चिलटं मेली हे खरं, पण त्या वेळी त्यांची पुढची पिढी कुठेतरी ओल्या जागी अळीच्या नाहीतर कोषाच्या रूपात निवांत पडून होती. तिला फवाऱ्याचा वासही लागला नाही. दोन दिवसांनी त्यातले तयार कोष फुटले आणि तुम्हाला वाटलं, मेलेली परत आली.

हिशेब साधा आहे. खोलीत 25 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल, तर अंड्यातून अळी यायला जेमतेम एक दिवस लागतो. अळी चार-पाच दिवस खात राहते, मग कोषात जाते, आणि आणखी चार-पाच दिवसांनी पंख घेऊन बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून उडण्यापर्यंत झाले साधारण दहा दिवस. बाहेर आलेली मादी दोनेक दिवसांत स्वतः अंडी घालू लागते आणि अनुकूल परिस्थितीत आयुष्यभरात काहीशे अंडी घालते. तापमान 18 अंशांपर्यंत उतरलं, तर याच प्रवासाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणून उकाड्यात चिलटांचा सुळसुळाट होतो आणि थंडीत घर सुनं वाटतं.

या दहा दिवसांचं कौतुक फक्त तुम्हाला-मला नाही. या चिलटाचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. अर्थ लावायचा तर ‘दवाची आवड असलेली, काळ्या पोटाची’. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने ही चिलटं दुधाच्या बाटल्यांत, केळं खायला घालून हजारोंनी वाढवली. 1910 मध्ये लाल डोळ्यांच्या त्या गर्दीत त्याला एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला, आणि तिथून गुणसूत्रं आणि आनुवंशिकता यांचा धागा उलगडत गेला. 1933 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हत्तीवर असा अभ्यास करायचा म्हटला तर शास्त्रज्ञाची हयात दोन पिढ्यांत संपेल. चिलटाच्या पंचवीस-तीस पिढ्या वर्षात सहज होतात. तुमच्या घरी फरक इतकाच, की बाटली कुठे आहे ते तुम्हाला माहीत नाही.

आता सासूबाईंविषयी. पहिल्या म्हणण्यात त्या निम्म्या बरोबर आहेत. पिकलेलं केळं चिलटांना आवडतं, यात वाद नाही. पण त्यांना हवं असतं ते फळ नव्हे, फळाचं आंबणं. साखर किंवा पिष्ट आणि ओल जिथे एकत्र येते तिथे यीस्ट वाढतं. मग आंबूस वास सुटतो, त्यात थोडं अल्कोहोल असतं, थोडं ॲसेटिक आम्ल असतं. त्या वासाच्या मागे मादी येते, अंडी घालते आणि अळ्या ते यीस्ट खाऊन मोठ्या होतात. म्हणून इंग्रजी बोलणारे काही लोक हिला फळमाशी न म्हणता व्हिनेगरमाशी म्हणतात, आणि ते नाव जास्त बरोबर आहे. (शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, ती वेगळ्या कुळातली, आकाराने मोठी आणि चांगलं फळ नासवणारी. दोघींना एका माळेत ओवू नका.) टोपलीच्या तळाशी सडलेला बटाटा, ओलं पोतेरं, कचऱ्याच्या डब्यातलं पाणी, सिंकच्या पाईपमधला बुळबुळीत थर यातलं काहीही केळ्याची जागा घेऊ शकतं. घरात एकही फळ नसताना चिलटं कशी, याचं उत्तर एवढंच.

‘आपोआप तयार होतात’ हे मात्र सासूबाईंना प्रेमाने समजावून सांगा. त्यांना कमी लेखू नका, कारण एके काळी मोठमोठे विद्वानही माशांबद्दल हेच मानत होते. 1668 मध्ये इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडीने बरण्यांमध्ये मांस ठेवलं. काही उघड्या ठेवल्या, काहींच्या तोंडावर झिरझिरीत कापड बांधलं. उघड्या बरणीतल्या मांसात अळ्या पडल्या, झाकलेल्यात पडल्या नाहीत. हवा दोन्हीकडे होती, माशी एकीकडेच पोचली होती. तुमच्याकडेही सुरुवातीची एखादी मादी खिडकीतून आली असेल, नाहीतर बाजारातून आणलेल्या फळा-टोमॅटोवर तिची अंडी आधीच असतील. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पिशवी रिकामी करताना ते कुणाला दिसणार? डासांसाठी लावलेल्या साध्या जाळीच्या भरवशावरही राहू नका, तिच्या छिद्रांतून ही बारकी मंडळी अंग चोरून आत येतात.

शोध सुरू करण्याआधी एक काम करा. ही चिलटंच आहेत ना, याची खात्री करा. एखादं बसलेलं दिसलं की त्यावर हलकेच काचेचा पेला पालथा घाला आणि उजेडात नीट बघा. पिवळसर तपकिरी अंग, दोन-तीन मिलिमीटर लांबी आणि टाचणीच्या टोकाएवढे पण स्पष्ट लाल डोळे दिसले, तर ही आपलीच. अंग गडद, पाय लांब, एकूण रूप मरतुकड्या डासासारखं असेल आणि ती कुंड्यांभोवती घुटमळत असतील, तर तो वेगळा किडा. तो कुंडीच्या ओल्या मातीत वाढतो. त्याला व्हिनेगर दाखवत बसू नका, पाणी घालणं कमी करा आणि मातीचा वरचा थर मधूनमधून पूर्ण वाळू द्या. आणि केसाळ, राखाडी, पंख मिटून पानासारखी भिंतीला चिकटून बसणारी असेल, तर ती गटारमाशी. तिचं घर पाईपमध्येच असतं. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे लाल डोळेवालीच आहे, कारण व्हिनेगरच्या वाटीला पाहुणचाराला तीच येते.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी माझ्याकडेही असाच थवा होता. मीही तुमच्यासारखी फळं बंद केली, ओटा घासघासून झिजवला, सिंकमध्ये जे मिळेल ते ओतलं. दोन आठवड्यांनी सिंकखालच्या कपाटात मागे ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या काढल्या. ‘मग धुऊ’ म्हणून ठेवलेल्या. त्यातली एक फळांच्या रसाची. तळाशी बोटभर रस, झाकण अर्धवट फिरवलेलं. बाटली उजेडात धरली आणि पोटात ढवळलं. रसाच्या वर, काचेच्या आतल्या बाजूला तपकिरी रंगाचे तांदळाच्या कणीसारखे दाणे चिकटलेले, कोरड्या भागात एकाशेजारी एक. प्रत्येक दाण्याच्या एका टोकाला दोन बारीक शिंगं. काही दाणे भरलेले, काही नुसती टरफलं. ते कोष होते. अळ्या खायला ओल्यात राहतात, पण कोष करायची वेळ आली की सरपटत कोरड्या जागी वर येतात. माझा ओटा आरशासारखा होता आणि त्याच्या बरोब्बर खाली, दोन फुटांवर, मी स्वतः पाळणाघर चालवत होते.

ती कणी लक्षात ठेवा, कारण शोधायचं आहे ते तेच. उडणारी चिलटं घरभर फिरतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. कोष जागचा हलत नाही. जिथे कोष, तिथून हातभर अंतरात मूळ.

कुठे बघायचं? तुम्ही ओटा तीनदा पुसता, तेव्हा ओट्यावर काही सापडणार नाही हे मी गृहीत धरते. मला संशय आहे तो ज्या वस्तूने तुम्ही पुसता तिच्यावर. पुसायचं फडकं रात्री कुठे असतं? सिंकच्या कडेला गोळा करून ठेवलेलं असेल, तर दिवसभराचे अन्नाचे कण त्यात आहेत, ओल आहे, ऊब आहे. भांड्यांच्या घासणीचं तेच. लादी पुसायच्या पोछ्याचं तर विचारूच नका, तो बादलीत उलटा उभा राहतो आणि आठवडाभर वाळत नाही. ही तिन्ही रोज गरम पाण्यात साबणाने धुऊन, पिळून, पसरून वाळत घाला. घासणी जुनी झाली असेल तर सरळ टाका.

त्यानंतर कांद्या-बटाट्यांची टोपली. वरचे चार कांदे हलवून बघितलं म्हणजे टोपली बघितली असं होत नाही. पूर्ण ओता. तळाचा एखादाच बटाटा सडलेला असतो, बाकी सगळे ठणठणीत, त्यामुळे शंका येत नाही. त्याचं पाणी टोपलीच्या जाळीतून खाली झिरपतं आणि टोपली ज्या फळीवर ठेवली आहे तिच्यावर सुकून बसतं. फळीसुद्धा घासायची.

कचऱ्याचा डबा: पिशवी बदलता, पण पिशवीखालचं पाणी? डबा उचलून तळ बघा, झाकणाच्या आतली कड बघा, बिजागरीची खाच बघा. कोषांना झाकणाची आतली बाजू फार आवडते. ओल्या कचऱ्याचं खत घरीच करत असाल तर प्रत्येक वेळी नव्या कचऱ्यावर सुका पाला किंवा कागदाचे कपटे यांचा जाड थर द्यायचा, फळांची सालं उघडी दिसता कामा नयेत.

उरलेल्या जागा भराभर सांगते. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून तिच्याखाली. मिक्सरच्या बुडाखाली. फ्रिजच्या मागचा पाणी साठणारा ट्रे. फ्रिज आणि भिंत यांच्यामधली फट, जिथे टोमॅटो घरंगळत जातो आणि आपण त्याला विसरतो. बाजाराच्या कापडी पिशव्यांचे तळकोपरे. मुलाचा डबा आणि पाण्याची बाटली, विशेषतः सुट्टीत दप्तरात राहून गेलेली. रिकाम्या बाटल्या आणि डबे, हे माझ्यामुळे तुम्हाला कळलंच आहे.

राहिलं सिंक. तुम्ही लिहिलंय, रात्री एक चमचा राहत नाही. मान्य. पण सिंकची जाळी उचलून पाईपच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवून बघा. करड्या रंगाचा बुळबुळीत थर हाताला लागला तर तिथेही अळ्या वाढू शकतात. खात्री करायची असेल, तर रात्री सगळं आवरल्यावर सिंकच्या तोंडावर काचेचा पेला पालथा ठेवा, कडा कोरड्या असू द्या. सकाळी पेल्याच्या आत चिलटं दिसली तर ती पाईपातूनच वर आलेली आहेत. एका रात्रीत निकाल लागला नाही तर तीन-चार रात्री ठेवा, कोष काही तुमच्या वेळापत्रकाने फुटत नाहीत.

पाईपात चिलटं असतील तर लोक पहिलं काय करतात? उकळतं पाणी ओततात. त्याने वरवर बरं वाटतं, थर मात्र भिंतीला चिकटून राहतो, आणि पाईप प्लास्टिकचा असेल तर तो मऊ पडून सांध्यातून गळायला लागतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर जो फेस येतो, तो बघायला छान असतो, एवढंच मी त्याच्याबद्दल म्हणेन. खरं काम करतो तो लांब दांड्याचा, बाटल्या धुवायचा ब्रश. भांड्यांचा साबण लावायचा, हात पोचेल तिथपर्यंत पाईप आतून घासायचा, हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याने धुवायचा. जाळीची खालची बाजू आणि सिंकच्या वरच्या कडेला जास्तीचं पाणी जायचं भोक असतं ते, ही दोन्ही घासायची. आठवडाभर एक दिवसाआड. घरात एखादं न वापरलं जाणारं बेसिन असेल तर त्यात अधूनमधून पाणी सोडा. बेसिनखालच्या वाकड्या पाईपात थोडं पाणी साचून राहणं गरजेचं असतं, ते आटलं की गटारातलं काहीही वर यायला वाट मोकळी होते.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. पाईपात ब्लीच ओतलं असेल तर त्यावर व्हिनेगर ओतू नका, आणि व्हिनेगरवर ब्लीच ओतू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. वैतागलेला माणूस कपाटातलं सगळं एकामागून एक ओततो, म्हणून सांगावं लागतं.

आता तुमची व्हिनेगरची वाटी. कल्पना बरोबर होती, तीन ठिकाणी चुकली. एक, तुम्ही बहुधा साधं पांढरं व्हिनेगर घेतलंत. त्यात आंबटपणा असतो, पण फळ आंबल्याचा वास नसतो. सफरचंदाचं व्हिनेगर घ्या, नसेल तर साध्यातच पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून घाला. दोन, ते बिनपाण्याचं होतं. चिलटाला व्हिनेगरचा सौम्य वास ओढतो, पण तोच वास फार तीव्र झाला तर ते मागे फिरतं. त्याच्या नाकातल्या, म्हणजे शृंगिकांमधल्या, एका वेगळ्या चेतापेशीला फक्त तीव्र वास जाणवतो आणि ती धोक्याची सूचना देते. तेव्हा निम्मं पाणी मिसळा. तीन, त्यात साबण नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, त्याच्या जोरावर एवढंसं चिलट पाण्यावर आरामात उभं राहतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब तो ताण मोडतो आणि ते बुडतं. एकच थेंब हं. साबणाचा घमघमाट झाला तर कुणी फिरकणार नाही.

वाटीऐवजी अरुंद तोंडाची बाटली घेऊन तिच्यावर कागदाचं नरसाळं बसवलं, टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवलं, तर आणखी उत्तम. आत शिरणं सोपं, बाहेरची वाट सापडणं कठीण. पण या सापळ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. घरात मूळ शाबूत असेल तर तो फक्त वरकड पकडतो. मी तो वापरते मोजमापासाठी. रोज रात्री किती बुडाली ते मोजायचं, कॅलेंडरवर आकडा टाकायचा आणि पाणी बदलायचं. मूळ काढल्याच्या दिवशी तारखेला गोल करा. पुढचे आठ-दहा दिवस आकडा चढ-उतार करेल, एखाद्या दिवशी वाढेलसुद्धा. घाबरू नका, इकडेतिकडे राहिलेले कोष फुटताहेत. साधारण दोन आठवड्यांत आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आला नाही, तर दुसरं मूळ आहे, पुन्हा टॉर्च घ्या. या दोन आठवड्यांत अर्ध्यावर धीर सोडून लोक पुन्हा फवाऱ्याकडे वळतात, आणि तिथेच सगळं फिसकटतं.

फवारा तर बंदच करा. चिलटं जिथे बसतात तिथेच तुमची भांडी असतात, पोळपाट असतो, सुरी असते. चिलटापेक्षा ते औषध पोटात जाणं मला जास्त नको वाटतं. चिलट चावत नाही, डसत नाही. ते कचऱ्यावर बसून मग अन्नावर बसतं आणि पायांना लागलेले जंतू तिथे सोडू शकतं, हे खरं आहे, प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. म्हणून शिजवलेलं झाका, कापलेलं उघडं ठेवू नका. पण चुकून एखादं अंडं फळाबरोबर पोटात गेलं म्हणून कुणाला काही होत नाही. आपण सगळ्यांनी ती कधी ना कधी खाल्लेली आहेत.

आणि हो, फळं परत सुरू करा. तीन आठवडे फळाविना राहण्यासारखा काही गुन्हा तुम्ही केलेला नाही. आणल्या आणल्या धुवा, सालीवर अंडी असतील ती बरीचशी निघून जातात, मग पुसून पूर्ण कोरडी करा. फुटलेलं, मार लागलेलं, देठाशी मऊ पडलेलं फळ आधी बाजूला काढून त्याच दिवशी संपवा. चिलट साल फोडू शकत नाही, त्याला आयती चीर लागते. पिकलेलं फ्रिजमध्ये जाऊ द्या, तिथल्या थंडीत अळीची वाढ थांबते. केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते, आतला गर चांगलाच राहतो. सासूबाई त्यावरून बोलतील, बोलू द्या.

दुपारी कुठे गडप होतात, हे तुम्ही विचारलंत. फार बारकाईने बघितलंत, मला आवडलं. चिलटाच्या अंगात घड्याळ असतं. त्याची लगबग पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त, दुपारी ते एखाद्या सावलीच्या जागी स्वस्थ बसतं. कपाटाच्या खालच्या बाजूला बघा, तिथे असतील. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, याचा उलगडा याच चिलटांवर झाला आणि 2017 मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना त्यासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या ओट्यावरच्या पाहुण्यांच्या नावावर एकाहून जास्त नोबेल आहेत. घरी कुणी आलं आणि भुवया उंचावल्या, तर हे सांगायला हरकत नाही.

आपल्याला याचा फायदा असा, की सापळा दुपारभर ठेवून काही लागत नाही म्हणून उचलू नका, तो रात्री आवरताना ठेवा आणि सकाळी बघा.

शेवटी मुलाच्या टाळ्या. त्याला सांगा, त्याचा नेम चुकत नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी चिलटांचं चित्रण करून बघितलंय: एखादी वस्तू अंगावर येताना दिसली की ते उडण्याआधीच, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, पाय सरकवून शरीराचा तोल बदलतं, म्हणजे उडी नेमकी धोक्याच्या उलट दिशेला पडते. टाळी वाजेपर्यंत त्याची तयारी होऊन गेलेली असते. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सकाळी थव्यात त्याची नळी धरा, आणि आतली पिशवी तेव्हाच घराबाहेर रिकामी करा, नाहीतर तिच्यातही संसार थाटतील. मुलाला मात्र त्यापेक्षा चांगलं काम आहे. त्याच्या हातात टॉर्च द्या, तांदळाची कणी कशी दिसते ते दाखवा, आणि कोष पहिला शोधेल त्याला केळं, असं जाहीर करा. डब्याच्या झाकणाची आतली कड आणि टोपलीखालची फळी तुम्हाला वाकून बघावी लागते, त्याच्या तर ती नाकासमोरच येते.